तिघांच्या घरात दोन सीटांची गाडी

आमच्या घरात माणसं तीन आहेत आणि गेल्या हिवाळ्यात घेतलेल्या गाडीत सीटा दोन. इंग्लंडातल्या डर्बीत गणपतीच्या पंगतीत, कोल्हापूरच्या व्हिडिओ कॉलवर, लेकीच्या शाळेच्या फाटकापाशी, जिथं हा विषय निघतो तिथं पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तिसऱ्यानं काय करायचं? मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण या गाडीनं आम्हाला जे दिलं ते सगळं त्याच्या उत्तरातच आहे.

गाडी म्हणजे जपानी माझदा कंपनीची उघडी स्पोर्ट्स कार, एमएक्स-५. २००९ सालची, १.८ लिटर इंजिनाची, पाच गिअरची, गडद निळी, काळ्या कापडी हूडची. घरात एक गाडी आधीपासून होती. पाच सीटांची, मोठ्या डिकीची हॅचबॅक. आठवड्याचा बाजार, लेकीची सायकल, भारतातून आजी-आजोबा आले की त्यांच्या बॅगा, सगळं तिच्यात मावतं. मला कामावर जायला दुसरी हवी होती. अंतर थोडं, जायचं एकटीनं. साधारण चार हजार पौंडांत एखादी छोटी, सेकंडहँड, कमी खाणारी गाडी बघायची असं ठरलं होतं. त्याच पैशात एमएक्स-५ सुद्धा येते हे मला कळलं, आणि माझं मन तिथून हललंच नाही. नवऱ्यापुढं मी विमा, रोड टॅक्स, टायर, पेट्रोल असा सगळा हिशेब मांडला. तो म्हणाला, "हिशेब राहू दे गं. तुला हवीय का?" मी म्हटलं, "हवीय." एवढ्यावर आमच्या घरातली चर्चा संपली. बाहेरची अजून चालू आहे.

उघडी स्पोर्ट्स कार आयुष्यात दोनदाच घ्यायची असते असा समज इंग्लंडातही आहे. एकदा लग्नाआधी आणि एकदा मुलं घराबाहेर पडल्यावर. मधली वीस वर्षं मोठ्या डिकीची. मला हे पटत नाही. लग्नाआधी माणसाकडे मोकळा वेळ भरपूर असतो. त्याला मोकळं व्हायला गाडी लागत नाही. साठीनंतर पुन्हा तसंच. लहान मूल घरात असताना मात्र दिवस डबे, शाळा, कामं, झोपेच्या वेळा यांनी गच्च भरलेला असतो, आणि सगळीकडे तिघांनी मिळून जायचं किंवा कुणीच जायचं नाही, अशी सवय लागते. परदेशात तर जास्तच, कारण हाकेच्या अंतरावर आजी नाही, मावशी नाही. एका वेळी दोघांनाच घेऊन जाणारी गाडी या सवयीत बरोबर पाचर मारते.

चार सीटांच्या उघड्या गाड्या मिळत नाहीत असं नाही. आम्ही त्याही पाहिल्या. एकीत लेकीची सीट मागं बसवून चक्कर मारली. पुढं आम्ही दोघं मजेत, मागं ती डोळे मिटून, तोंडावर केस. वारा समोरच्या काचेवरून उडी मारून जातो, मागच्या सीटपाशी खाली उतरतो आणि तिथून उलटा पुढं फिरतो. म्हणजे सगळ्यात जास्त झोत मागं बसणाऱ्याला. शिवाय अशा गाड्यांचं छत बहुधा हायड्रॉलिक पंप, मोटारी आणि सेन्सर यांच्या जिवावर उघडतं. पंधरा वर्षं जुन्या गाडीत त्यातलं काही गेलं तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या घरात पोचतो. एमएक्स-५ चा कापडी हूड हातानं उघडतो. काचेच्या वर मध्यभागी एक खटका आहे. तो सोडवायचा आणि हूड डोक्यावरून मागं ढकलून द्यायचा. तो घडी होत सीटांच्या मागच्या खोबणीत बसतो, वरून दाबला की अडकतो. सीटवरून न उठता, सिग्नल हिरवा व्हायच्या आत होणारं काम. ज्या यंत्रात मोटरच नाही त्यातली मोटर जळत नाही, आणि जुनी गाडी घेणाऱ्यानं हे आधी बघावं.

ही गाडी का निघाली तेही सांगायला हवं, कारण तिचं साधेपण कुणीतरी विचारपूर्वक राखलेलं आहे. हलक्या, उघड्या, दोन सीटांच्या गाड्यांचं माहेर इंग्लंड. एमजी कंपनीची एमजीबी १९६२ ला आली, लोटस एलानही त्याच साली. पुढं १९७०च्या दशकात अमेरिकेत गाडी उलटण्यासंबंधीचे नियम कडक होणार आणि उघड्या गाड्या बंदच पडणार अशी हवा झाली. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो तर अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, म्हणून खपवली गेली. तशी बंदी आली नाही, पण कंपन्यांनी हात आखडता घेतला. १९८० मध्ये ॲबिंग्डनचा एमजीचा कारखानाही बंद झाला. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकारानं माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं होतं की जुन्या इंग्रजी रोडस्टरसारखी साधी, स्वस्त, उघडी, दोन सीटांची गाडी तुम्ही करा. यामामोतो १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले, हॉल तोवर माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत कामाला लागला होता, आणि तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली गाडी घडली. फेब्रुवारी १९८९ मध्ये ती शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढं आली. १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन सीटांच्या दुसऱ्या कुठल्याही उघड्या स्पोर्ट्स कारनं तो आकडा गाठलेला नाही.

यातली एक गोष्ट मला फार भावते. इंजिन पुढं पण शक्य तितकं मागं ओढून बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, आणि दोन माणसं आत बसली की वजन पुढं-मागं निम्मं-निम्मं. रिकाम्या गाडीचा हिशेब त्यांनी धरलाच नाही. दोन माणसं गृहीत धरून तोल काढला.

आता खरेदीकडे येते. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण अशी गाडी घेताना पैसे वाचतात किंवा बुडतात ते एकाच जागी, आणि ती जागा दिसत नाही.

बाजार हिवाळ्यात करावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघड्या गाडीला गिऱ्हाईक कमी; मार्चमध्ये ऊन पडलं की तीच गाडी महाग होते. इंग्लंडात तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, एमओटी म्हणतात, आपल्याकडच्या पासिंगच्या जातीची. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिचा सगळा इतिहास फुकट दिसतो. तारीख, त्या दिवशीचं रनिंग, पास की नापास, आणि तपासणाऱ्याचे शेरे. लेक झोपली की मी हे शेरे वाचत बसायची. चार ओळींत गाडीचं नशीब कळतं. एका लाल गाडीच्या नोंदीत एका वर्षी डाव्या मागच्या सिलला (दाराखालच्या पत्र्याला) गंज लागल्याचा शेरा, पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंना, त्याच्या पुढच्या वर्षी नापास, आणि थोड्याच दिवसांनी पास. म्हणजे सडका पत्रा कापून नवा वेल्ड केला, की वरून लांबी (पुटी) भरून रंग मारला? विकणारा व्यापारी म्हणत होता, एकदम ओके आहे. मी पर्समधून फ्रिजवरचा चपटा चुंबक काढला, रुमालात गुंडाळला आणि सिलवरून फिरवला. पुढच्या चाकापासून दाराच्या मध्यापर्यंत तो ओढ दाखवत होता. मागच्या चाकाच्या वीतभर आधी सुटून हातात आला. तिथं पत्रा नव्हताच, नुसती लांबी होती. नवरा व्यापाऱ्याकडे बघत राहिला, मी लेकीचा हात धरला आणि आम्ही निघालो.

सिल म्हणजे दाराखालची, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पत्र्याची पेटी. बंद गाडीत छतही वजन पेलतं, त्यामुळं सगळा सांगाडा डब्यासारखा ताठ राहतो. छत काढलं की ते सगळं काम जमिनीवर आणि या दोन सिलांवर येतं. म्हणून उघड्या गाडीत सिल सडणं म्हणजे कणा सडणं. आणि ती सडते आतून. हूडवर पडलेलं पावसाचं पाणी मागच्या कडेनं सीटांच्या मागं गोळा होतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढं खाली जातं. शरद ऋतूत पानं, बिया, शेवाळ त्या नळ्यांच्या तोंडाशी बसलं की पाणी तुंबतं आणि सिलच्या पोकळीत किंवा गालिच्याखाली शिरतं. बाहेरून रस्त्यावरचं मीठ. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर इथं खडेमीठ टाकतात. आमच्या शेजारच्या चेशायरमध्ये विन्सफर्डची खाण आहे, देशातली खडेमिठाची सगळ्यात मोठी. आतून पाणी, बाहेरून मीठ. सीटच्या पट्ट्याच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमकुवत झाला असेल तर गाडी नापासच होते, आणि ते योग्यच आहे.

आमची गाडी मिळाली ॲशबोर्नच्या पुढच्या एका खेड्यात, एका वयस्कर जोडप्याकडे. जानेवारीतली थंड सकाळ. मी फोनवर सांगून ठेवलं होतं की इंजिन गार असू द्या. गार इंजिन चालू होताना जे आवाज ऐकू येतात ते गरम झाल्यावर लपतात. काकांनी बॉनेटवर हात ठेवून दाखवला. इंजिनात झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंगची चेन आहे. पहिल्या दोन पिढ्यांत पट्टा असायचा, तो बदलून घेण्याचा खर्च इथं नाही. चेनची खडखड ऐकू आली नाही. मी सीटांच्या मागं हात घालून गालिचा दाबून पाहिला. कोरडा. खाली आडवी होऊन टॉर्च मारला. सिलच्या मागच्या टोकाला वरवरचा तांबूस रंग, पण पत्रा ठणठणीत. चुंबक शेवटपर्यंत धरून राहिला. गार असताना दुसरा गिअर किंचित कुरकुरला, तो गरम झाल्यावर बसला. हूडच्या घडीवर कापड विरलं होतं, ते काकांनी आम्ही विचारायच्या आधीच दाखवलं.

मग त्यांनी फाइल आणली. सर्व्हिसची प्रत्येक पावती, टायरची बिलं, एमओटीचे कागद, सगळं तारखेवार. त्यांच्या हातात एक हातभर लांबीची, जाड, नारिंगी नायलॉनची दोरी होती. गवत कापायच्या यंत्रात जी असते ती. पानगळ संपली की आणि पुन्हा मार्चमध्ये ते ही दोरी दोन्ही नळ्यांत घालून वरखाली करायचे, मग किटलीनं पाणी ओतून खाली चाकापाशी बाहेर पडतं का ते बघायचे. त्यांनी ते माझ्याकडून करून घेतलं. मी दोरी घातली, त्यांनी पाणी ओतलं, लेक चाकापाशी उकिडवी बसून "आलं, आलं" ओरडली. एका माणसानं दरवर्षी, कुणी बघत नसताना, गुडघे टेकून हे केलं होतं म्हणून तो पत्रा शाबूत होता. आता त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि इतक्या खाली बसणं-उठणं जमत नव्हतं. चक्कर मारायला मी आणि काका गेलो, कारण तिसऱ्याला जागाच नाही. नवरा आणि लेक काकूंबरोबर स्वयंपाकघरात बिस्किटं खात बसले. परत आल्यावर काकू म्हणाल्या की मुलं मोठी होऊन बाहेर पडल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. मुलांना तिच्यात बसायला कधी मिळालंच नाही, कारण ती येतात तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची कुटुंबं असतात. लेकीकडे बघून त्या म्हणाल्या, तुम्ही बरोबर वेळी घेताय. आम्ही किमतीत फार घासाघीस केली नाही. विरलेल्या हूडपोटी थोडे कमी केले, तेही त्यांनीच.

लेकीला पुढं बसवायचं हे आधी मलाही जड गेलं होतं. इथला नियम स्पष्ट आहे. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, त्याच्यासाठीची सीट हवीच. तोंड मागं करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगपुढं ठेवायला सक्त मनाई आहे. तान्हं बाळ असतं तर मी ही गाडी घेतली नसती, हे स्पष्ट सांगते. आमची लेक पाच वर्षांची आहे, पाठ असलेल्या उंच बूस्टर सीटवर तोंड पुढं करून बसते, गाडीचाच पट्टा लावते. पुढची सीट पूर्ण मागं सरकवलेली असते. आमच्या गाडीत शेजारची एअरबॅग किल्लीनं बंद करायची सोय आहे. ती मूल बसताना कधी बंद ठेवायची हे बूस्टरच्या आणि गाडीच्या पुस्तिकेत वाचून ठरवावं, कुणाच्या ऐकीव सल्ल्यावर नाही. ही सोय प्रत्येक देशातल्या प्रत्येक गाडीत असेलच असं नाही, घेण्याआधी बघावं. आणि मोटरवेवर आम्ही तिला या गाडीतून नेत नाही. साधारण ११०० किलोची ठेंगणी गाडी आणि शेजारून जाणारा चाळीस टनी ट्रक यांचा सामना मला नको. लांब जायचं तर हॅचबॅक आहे.

आता तिसऱ्याचं काय, ते.

तिघं मिळून कुठं निघालो की गाडीत आम्ही दोघं आई-बाप असतो आणि ती मूल. आम्ही पुढं बसून गॅसच्या बिलाचं बोलतो, ती मागून "अजून किती?" विचारते, आणि कुणीतरी तिला टॅब देतं. हे वाईट आहे असं नाही, पण तीच तीच मांडणी. दोन सीटांच्या गाडीत ती मांडणी होतच नाही. मी आणि ती निघतो तेव्हा ती माझ्या शेजारी, माझ्या इतक्याच उंचीच्या खिडकीशी बसलेली असते, आणि तिला बोलायला माझ्याशिवाय कुणी नाही, मलाही तिच्याशिवाय कुणी नाही. मागच्या सीटवरून जे प्रश्न येत नव्हते ते शेजारच्या सीटवरून येतात. मेंढीला मालक कळतो का? कोल्हापूरचे आजोबा लहान होते तेव्हा तू कुठं होतीस? शाळेत एका मुलीनं तिच्या डब्यातल्या पोळीला नाव ठेवलं होतं, हे मला स्वयंपाकघरात कळलं नव्हतं. बक्स्टनच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागं अडकलेलो असताना, गवताच्या वासात, समोर बघत तिनं ते सांगितलं. गाडी चालवणाऱ्याला मुलाकडे टक लावून बघता येत नाही, आणि त्यामुळंच काही गोष्टी मुलं गाडीत सांगतात असं मला वाटतं.

बाप आणि लेक निघतात तेव्हा त्यांचं काय बोलणं होतं ते मला ठाऊक नाही. आधी मला हे खटकायचं. परत आल्यावर मी विचारायची: कुठं गेलात, काय खाल्लं, टोपी घातली होती का. आता विचारत नाही. त्यांचे काही शब्द आहेत, काही खुणा आहेत, मॅटलॉक बाथच्या मोटारसायकलवाल्यांच्या गर्दीत चिप्स खाताना जमलेले काही विनोद आहेत, ज्यांत मी नाही. मुलीला बापाबरोबर असं काहीतरी असायला हवं, जे आईच्या हातून गेलेलं नाही. मूल झाल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट माझ्या हातून जात होती. ती माझ्या हातातून सोडवून घ्यायला मला एवढी गाडी लागली.

आणि आम्ही दोघं. मैत्रिणीकडे लेक खेळायला गेली की दोन तास मिळतात. आधी त्या दोन तासांत आम्ही कपाटं आवरायचो. आता हूड उघडतो आणि क्रॉमफर्डवरून विया जेलियाच्या दरीत जातो. दोन्ही बाजूंनी झाडी, खाली ओढा; एप्रिल-मे मध्ये जमिनीवर रानलसणाची पांढरी फुलं येतात आणि त्या सबंध रस्त्याला लसणाच्या फोडणीआधीचा वास असतो. बंद गाडीतून या रस्त्यानं आम्ही आधीही गेलो होतो, वास कधी कळला नव्हता. आम्ही फार बोलत नाही. ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की वाऱ्यात बोलणं ऐकूही येत नाही, म्हणून बोलायचं असलं की हळू चालवायची. लग्नाच्या दहाव्या वर्षात नवऱ्याला काहीतरी सांगायचंय म्हणून गाडी हळू करावीशी वाटणं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

जो तिसरा घरी राहतो त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. त्याला रिकामं घर मिळतं. लहान मूल असलेल्या घरात एक तासभर एकट्यानं घरात असणं किती दुर्मीळ आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी आणखी काय सांगू. मी झोपते. कधी पेटी काढून बसते. नवरा क्रिकेट लावतो आणि मोठ्यानं ऐकतो.

पावसाचं सगळ्यांना फार वाटतं. इंग्लंडात उघडी गाडी म्हणजे वेडेपणा, असं डर्बीतली आमची मराठी मंडळीही म्हणतात. प्रत्यक्षात इथली हवाच या गाडीला मानवते. चाळीस अंशांच्या उन्हात, धुळीत, डोक्यावर छप्पर नसलं तर जीव जाईल; आपल्याकडे अशा गाड्या रुजल्या नाहीत त्याचं ते एक कारण असावं. इथं पंधरा अंशांचं ऊन म्हणजे अंगावर घेण्याची गोष्ट. फेब्रुवारीतही काचा वर, पायाशी हीटर, डोक्यावर लोकरीची टोपी असली की तासभर आरामात जाता येतं. गाडी वेगात असेल तर भुरभुर पाऊस काचेवरून तसाच मागं निघून जातो, अंगावर येत नाही. थांबलात की भिजलात. लेकीला हे माहीत झालंय. ढग दिसले की ती म्हणते, "आई, थांबू नकोस." वर माळरानावर गेलो की मी मुद्दाम इंजिन बंद करते, कारण वसंतात तिथं लॅपविंग असतात, आपल्या टिटवीचे भाऊबंद, तुरेवाले. टिटवीसारखेच कावरेबावरे होऊन डोक्यावरून ओरडत फिरतात. लेकीला ते आकाशात शोधायला मान वळवावी लागत नाही, मान वर केली की आकाशच आहे.

माझ्यात ही आवड कुठून आली हे आईला ठाऊक होतं. राधानगरीच्या बाजूला मामाची जुनी जीप होती. उन्हाळ्यात तो तिचा हूड काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकायचा आणि आम्हा पोरांना भरून दाजीपूरच्या रस्त्याला न्यायचा. करवंदांचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास, आणि जंगलात शिरताक्षणी अंगावर येणारा गारवा. गार हवेची हद्द कुठं सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येईल इतकं कळायचं. तीच हद्द मला इथं दरीत उतरताना पुन्हा कळली.

आई-बाबा उन्हाळ्यात आले तेव्हा आईनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अगं, हिला वर काहीच नाही?" बाबा आधी बसले. शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गल्लीत वाढलेला माणूस, त्यांना मी क्रॉमफर्डला आर्कराइट या उद्योजकाची १७७१ ची सूतगिरणी दाखवायला नेलं. पाण्यावर यशस्वीपणे चाललेली जगातली पहिली. जाताना ते दाराची कडी धरून बसले होते. येताना म्हणाले, "जरा लांबनं घे की." बापाबरोबर एकटीनं, इतका वेळ, असा प्रवास मी लग्न होऊन निघाल्यापासून केला नव्हता. त्यांनी त्यांच्या नोकरीतल्या एका बदलीची हकीकत सांगितली, जी आईसमोर कधीच निघत नाही. ती इथं लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी आई डोक्याला स्कार्फ बांधून, पर्स मांडीवर घेऊन, कुणी न सांगता गाडीत जाऊन बसली.

दुसरं मूल झालं तर काय, असंही विचारतात. झालं तर झालं. हॅचबॅकमध्ये जागा आहे, आणि या गाडीतल्या जोड्या तीनाच्या सहा होतील. पाळी लांब येईल एवढंच. गाडी तेवढी टिकेल का, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो आमच्या हातातला आहे. ऑक्टोबर संपताना नारिंगी दोरी नळ्यांतून फिरवली, किटलीनं पाणी ओतलं, दोन्ही बाजूंनी स्वच्छ आलं. सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घेतलाय. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलं की खालून पाण्यानं धुवायची, कितीही गारठा असला तरी.

हूडचं कापड घडीवर आता जास्तच विरलंय, या हिवाळ्यात चिकटपट्टीवर निभावेल. नवीन हूड बसवायला गाडीच्या किमतीच्या पाव भागाइतके पैसे लागतील, आणि विकताना त्यातला एक पौंडही परत येणार नाही. विकायची नाहीये. मार्चमध्ये काम करून देणारा कारागीर नॉटिंगहॅमच्या रस्त्याला मिळाला आहे. त्यानं कापडाचे तुकडे दिलेत, काळा, तपकिरी आणि गडद लाल, आणि ते तिन्ही सध्या आमच्या फ्रिजवर त्याच चपट्या चुंबकाखाली लावलेले आहेत. लेकीचं मत लालला आहे, नवऱ्याचं काळ्याला. माझं अजून ठरलेलं नाही.